उंदीर वाट विसरला नाही

शिकण्याविषयी बोलताना आपण मराठी माणसे डोक्याचा उल्लेख केल्याशिवाय राहत नाही. धडा डोक्यात शिरतो, डोक्यात बसतो, डोक्यावरून जातो आणि परीक्षा संपली की डोक्यातून निघून जातो. तीस वर्षे शाळेत काढल्यावर मला या वाक्प्रचारांविषयी एक साधा प्रश्न पडू लागला : जे डोक्यात बसते, ते नेमके कुठे बसते? पाढे एका कप्प्यात, कविता दुसऱ्या कप्प्यात आणि सायकल चालवणे तिसऱ्यात, असे काही आहे काय? आणि त्या डोक्याला इजा झाली, तर आधी काय जाते आणि काय उरते?

मी इतिहासाचा एम. ए., वैद्यकाचा नव्हे. परंतु या प्रश्नालाही दोनशे वर्षांचा इतिहास आहे. त्यात वाद आहेत, खटले आहेत आणि शतकाच्या अंतराने उलटलेले निकाल आहेत. मात्र या इतिहासातील मुख्य पात्रे राजे किंवा सेनापती नसून कबुतरे, कुत्री, मांजरे, माकडे आणि पांढरे उंदीर आहेत. त्यांची हकिगत सांगण्याचे कारण असे की, तिचे टोक शेवटी आपल्या घरातल्या खाटेपर्यंत येऊन पोहोचते.

कबुतराची बैठक

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी फ्रान्स गाल या वैद्याने युरोपभर एक कल्पना लोकप्रिय केली होती. मेंदूत प्रत्येक गुणाला स्वतंत्र जागा असते. ती जागा मोठी असली की कवटीला उंचवटा येतो. म्हणून डोके चाचपून माणसाचा स्वभाव सांगता येतो. आपल्याकडचे सामुद्रिक हात पाहते, गालचे शास्त्र डोके पाहत होते, एवढाच फरक.

फ्रान्समधील प्येर फ्लूरांस याला हे पटले नाही. तर्काने वाद घालण्यापेक्षा मेंदूचा भाग काढून प्राण्याचे काय होते ते पाहावे, अशी पद्धत त्याने धरली आणि १८२४ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मोठा मेंदू काढलेले कबुतर मरत नसे. हवेत भिरकावले तर उडे, चोचीत दाणा घातला तर गिळे. पण समोर दाण्याची रास असली तरी ते आपणहून दाणा टिपत नसे. पंख होते, चोच होती. इच्छा आणि आठवण मात्र गेली होती. लहान मेंदू काढला की इच्छा राही, पण तोल जाई. यावरून फ्लूरांसने ठरवले की मोठा मेंदू, लहान मेंदू आणि मज्जारज्जूच्या माथ्याचा भाग यांची कामे वेगळी आहेत. पण खुद्द मोठ्या मेंदूत कप्पे नाहीत, तो एकसंध काम करतो.

हा निकाल सुमारे चाळीस वर्षे टिकला. १८६१ मध्ये पॅरिसच्या पॉल ब्रोका याने एका मृत रुग्णाचा मेंदू तपासला. त्या रुग्णाला बोललेले कळे, पण स्वतः त्याला ‘तां’ एवढा एकच उच्चार करता येई. त्याच्या मेंदूच्या डाव्या बाजूस, पुढच्या भागात इजा सापडली. १८७० मध्ये बर्लिनच्या फ्रिट्श आणि हिट्झिग या जोडीने कुत्र्याच्या मेंदूच्या एका भागाला विजेचा हलका स्पर्श केला, तेव्हा विरुद्ध बाजूचा पाय हलला. म्हणजे कप्पे होते तर! गाल चुकीच्या वाटेने गेला होता, पण त्याचा मूळ प्रश्न खोटा नव्हता.

लंडनचा सामना

ऑगस्ट १८८१ मध्ये लंडनला आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषद भरली, आणि तेथे हे दोन पक्ष समोरासमोर आले. स्ट्रासबर्गहून फ्रीड्रिश गोल्ट्झ आला होता. त्याच्याजवळ असा कुत्रा होता की, ज्याच्या मेंदूची बरीच साल नष्ट केलेली होती. तरी तो चाले, ऐके, पाहे. मंद झाला होता, पण लुळा नव्हता. ‘मग कुठे आहेत तुमचे कप्पे?’ हा गोल्ट्झचा सवाल होता.

त्याला उत्तर द्यायला लंडनचा डेव्हिड फेरियर उभा राहिला. त्याने माकडे आणली होती. त्यांपैकी एकाच्या मेंदूच्या डाव्या बाजूचा हालचालीचा प्रदेश काही महिन्यांपूर्वी काढलेला होता. ते माकड उजवा हात आणि पाय ओढत सभागृहात आले. पक्षाघाताच्या रुग्णांवर आयुष्य घालवलेला फ्रेंच वैद्य शार्को तेथे होता. ‘हा तर रुग्णच आहे!’ असे उद्गार त्याच्या तोंडून निघाले, अशी नोंद आहे. पुढे दोन्ही प्राण्यांचे मेंदू तज्ज्ञांच्या समितीने तपासले. फेरियरने सांगितली होती तेथेच इजा होती. गोल्ट्झच्या कुत्र्याची इजा त्याला वाटली होती तेवढी मोठी नव्हती. सामना फेरियरने जिंकला.

पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये फेरियरला न्यायालयात उभे राहावे लागले. इंग्लंडात १८७६ साली प्राण्यांवरील प्रयोगांसंबंधी कायदा झाला होता आणि फेरियरने परवान्याशिवाय शस्त्रक्रिया केली, अशी प्राणिमित्रांच्या संस्थेची तक्रार होती. शस्त्रक्रिया त्याचा परवानाधारक सहकारी यो याने केली होती असे सिद्ध झाले आणि फेरियर सुटला. त्यानंतर तीनच वर्षांनी, नोव्हेंबर १८८४ मध्ये, लंडनमध्ये एका तरुणाच्या डोक्यातील गाठ काढण्यात आली. बाहेर काहीही दिसत नसताना, केवळ कोणते अवयव झटके देतात आणि लुळे पडतात यावरून गाठीची जागा ठरवली होती. हे ठरवण्याचा नकाशा फेरियरच्या माकडांनी दिला होता. गाठ सांगितल्या जागीच सापडली. रुग्ण मात्र महिनाभरात दगावला. या इतिहासात विजय आणि दुःख असे हातात हात घालूनच येतात.

मांजराचे पाढे

इथपर्यंतचा प्रश्न हालचालीचा होता. आम्हा मास्तरांचा प्रश्न, म्हणजे शिकलेल्या गोष्टींचा, अजून कोणी विचारला नव्हता. तो विचारण्यासाठी आधी प्राण्याला काहीतरी शिकवायला हवे होते आणि ते किती शिकला हे मोजायला हवे होते. ती सोय अमेरिकेत झाली. १८९८ साली एडवर्ड थॉर्नडाइक याने भुकेल्या मांजराला पेटीत बंद केले. आत एक कळ होती. मांजर धडपडता धडपडता ती दाबी, दार उघडे, बाहेर मासळीचा तुकडा असे. पुन्हा पुन्हा केले की वेळ कमी होत जाई. घड्याळ लावून शिक्षण मोजता येऊ लागले.

शेफर्ड आयव्हरी फ्रान्झ या मानसशास्त्रज्ञाने या पेटीला फ्लूरांसच्या चाकूची जोड दिली. १९०२ मध्ये त्याने दाखवले की, पेटी उघडायला नुकत्याच शिकलेल्या मांजरांच्या मेंदूचा दोन्ही बाजूंचा पुढचा भाग काढला तर ती युक्ती विसरतात. पण जुन्या, अंगवळणी पडलेल्या सवयी टिकतात. आणखी महत्त्वाचे म्हणजे, विसरलेली युक्ती त्याच मांजराला पुन्हा शिकवता येते. ज्या भागात ती युक्ती ‘ठेवली’ होती असे वाटत होते, तो भाग आता डोक्यात नव्हता; तरी मांजर पुन्हा शिकले.

या ठिकाणी वाचकांनी क्षणभर थांबावे. आमच्या पिढीने पाढे घोकले, स्तोत्रे घोकली, आणि पुढे ‘घोका आणि ओका’ म्हणून त्या पद्धतीची थट्टाही ऐकली. थट्टेत तथ्य नाही असे नाही. परंतु वाचा गेलेल्या रुग्णांविषयी जी गोष्ट इंग्लंडचा ह्यूलिंग्ज जॅक्सन याने एकोणिसाव्या शतकातच नोंदवली, ती आपल्या घरोघरी दिसते. ज्याला समोरच्या तांब्याचे नाव सांगता येत नाही, तो मोजणी सुरू करून दिली तर पुढचे अंक म्हणतो. लहानपणी पाठ झालेली प्रार्थना म्हणतो. शिव्याही अस्खलित देतो. जे हजारदा केले ते सहज पुसले जात नाही.

लॅशलीचा चक्रव्यूह

आता या हकिगतीचा नायक येतो. कार्ल लॅशली १८९० मध्ये अमेरिकेच्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात जन्मला. शिक्षणाने तो प्राणिशास्त्रज्ञ. वॉशिंग्टनच्या मनोरुग्णालयात फ्रान्झबरोबर त्याने काम केले आणि १९१७ मध्ये दोघांनी मिळून उंदरांवरील पहिले निष्कर्ष छापले. पुढे मिनेसोटा आणि शिकागो येथे त्याने हेच काम जिद्दीने चालवले.

पद्धत सोपी होती. पांढऱ्या उंदराला भूलभुलैयात सोडायचे. एका टोकाला खाणे, वाटेत आंधळ्या गल्ल्या. उंदीर किती चुका करतो, किती फेऱ्यांत वाट पाठ करतो, ते लिहायचे. मग मेंदूच्या सालीचा काही भाग नष्ट करायचा; कुणाचा थोडा, कुणाचा अर्ध्याहून अधिक; कुणाचा पुढचा, कुणाचा मागचा. उंदीर बरा झाला की पुन्हा भूलभुलैयात सोडायचे. शेवटी प्रत्येक मेंदूचे पातळ काप करून, नेमका किती आणि कोणता भाग गेला होता तो मोजायचा. लॅशलीची अपेक्षा अशी होती की, कुठेतरी एक जागा सापडेल, जी काढली की वाट पुसली जाईल. या खुणेला ‘एन्ग्रॅम’ असे नाव रिचर्ड सेमॉन या जर्मन पंडिताने १९०४ मध्येच देऊन ठेवले होते. आपण तिला आठवणीचा ठसा म्हणू.

ठसा सापडला नाही. १९२९ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात लॅशलीने दोन निष्कर्ष मांडले. पहिला : भूलभुलैयासारखे गुंतागुंतीचे शिक्षण किती बिघडेल हे सालीचा *कोणता* भाग गेला यावर नव्हे, तर *किती* भाग गेला यावर अवलंबून असते. दुसरा : सालीचा एक भाग दुसऱ्याचे काम करू शकतो. पाहण्यासारख्या विशिष्ट कामांना स्वतंत्र जागा आहेत हे त्याला मान्य होते. पण वाटेची आठवण जणू सगळ्या सालीवर पसरलेली होती.

त्याच्या प्रयोगांतील दोन दृश्ये माझ्या मनातून जात नाहीत. एका प्रयोगात, वाट शिकलेल्या उंदरांच्या लहान मेंदूला इजा केली होती. त्यांचा तोल गेला. ते लडबडत, कोलांट्या खात, अंग ओढत चालत. पण वळणे बरोबर घेत. ज्या हालचालींनी वाट शिकले होते त्या हालचाली गेल्या, वाट राहिली! म्हणजे उंदीर ‘डावे पाऊल, उजवे पाऊल’ असे शिकला नव्हता. तो वाट शिकला होता. दुसऱ्या प्रयोगात माकडांना कडी-कोयंड्याच्या पेट्या उघडायला शिकवले होते. मेंदूचा हालचालीचा प्रदेश काढल्यावर त्यांचे हात काही आठवडे लुळे होते. त्या काळात पेट्यांचा सराव नव्हता. हातात पुन्हा हालचाल आली आणि पेटी समोर ठेवली, तेव्हा माकडांनी ती उघडली. युक्ती हातात नव्हतीच.

लॅशलीच्या टीकाकारांनी एक मुद्दा चांगला काढला. उंदीर वाट केवळ डोळ्यांनी शिकत नाही. वासाने, मिशांनी, स्नायूंच्या जाणिवेनेही शिकतो. म्हणून इजा जितकी मोठी, तितकी अधिक इंद्रिये निकामी. सारी साल सारखीच आहे असे त्यावरून ठरत नाही. एका गावाला पाच वाटा असल्या तर एक बंद पडून गाव तुटत नाही, पण म्हणून पाचही वाटा एकच नव्हेत. लॅशलीने आंधळे उंदीर घेऊन या आक्षेपाला उत्तर देण्याचा प्रयत्न केला. वाद मात्र मिटला नाही.

१९५० साली, तीस वर्षांच्या शोधाचा आढावा घेताना तो अर्ध्या थट्टेने म्हणाला की, हा सारा पुरावा पाहता शिकणे ही गोष्ट अशक्यच असावी, असे कधी कधी वाटते. १९५८ मध्ये तो वारला. हातात यश नसताना इतक्या मोकळेपणाने आपला हिशेब मांडणारा संशोधक विरळा. शाळांमधून विज्ञानाचे जे इतिहास शिकवले जातात, त्यांत सापडलेल्या गोष्टींची यादी असते. न सापडलेल्या गोष्टीने केवढे काम केले, हे सांगायला लॅशलीइतके चांगले उदाहरण नाही.

ठसा एक नव्हे, अनेक

लॅशलीचा शिष्य डोनाल्ड हेब याने १९४९ मध्ये गुरूच्या कोड्याला एक वाट काढून दिली. आठवण एका जागी नसते आणि सगळीकडे सारखीही नसते. एकत्र काम करणाऱ्या पेशींमधील दुवे सरावाने घट्ट होतात आणि त्यांचे जाळे तयार होते. जाळ्याचे दोन धागे तुटले तरी जाळे राहते.

मग १९५३ मध्ये माणसावरच एक घटना घडली. हेन्री मोलेसन या २७ वर्षांच्या अमेरिकन तरुणाला अपस्माराचे तीव्र झटके येत. विल्यम स्कोव्हिल या शल्यवैद्याने त्याच्या मेंदूच्या दोन्ही बाजूंचा, कानाच्या आतल्या अंगास असणारा हिप्पोकॅम्पस नावाचा भाग बराचसा काढला. झटके कमी झाले. पण तेव्हापासून हेन्रीला नवी आठवण राहिना. पाच मिनिटांपूर्वी भेटलेला माणूस त्याला नवा वाटे. तरी ब्रेंडा मिल्नर या विदुषीने त्याला आरशात पाहून चांदणी गिरवायला दिली, तेव्हा तो दिवसागणिक सुधारत गेला. आदल्या दिवशी आपण हे केले होते, याची मात्र त्याला गंधवार्ता नसे. हात शिकत होता आणि हेन्रीला त्याचा पत्ता नव्हता. २००८ मध्ये तो वारला, तोवर त्याने जगाला एक धडा दिला होता : ‘शिकणे’ हा एक शब्द आहे, पण ती एक क्रिया नाही.

यानंतर प्राण्यांवरील प्रयोगांचा प्रश्नच बदलला. ‘आठवण कुठे आहे?’ ऐवजी ‘कोणती आठवण?’ असे विचारले जाऊ लागले. १९७१ मध्ये जॉन ओकीफ याला उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी सापडल्या की, ज्या उंदीर विशिष्ट जागी आला की चेततात. त्यासाठी २०१४ मध्ये त्याला नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. रिचर्ड मॉरिस याने गढूळ पाण्याच्या हौदात, पृष्ठभागाखाली लपवलेला चौथरा शोधायला उंदरांना शिकवले. हिप्पोकॅम्पस नसलेले उंदीर भोवतालच्या खुणांवरून चौथऱ्याची जागा लक्षात ठेवू शकत नव्हते. चौथरा दिसत असला की मात्र सरळ पोहत जात. आणि १९८४ मध्ये रिचर्ड थॉम्पसन व त्याच्या सहकाऱ्याने दाखवले की, आवाज ऐकताच डोळा मिटायला शिकलेल्या सशाच्या लहान मेंदूतील एक छोटा केंद्रभाग नष्ट केला, तर ती शिकलेली उघडझाप जाते. डोळ्यावर हवेची फुंकर मारली की होणारी उपजत उघडझाप राहते. लॅशली जो ठसा शोधत होता, तो एका साध्या सवयीपुरता तरी सापडला होता. आणि तोही, वाट विसरायला न लावणाऱ्या त्या लहान मेंदूत!

आपला हिस्सा

या इतिहासात आपला देश कुठे आहे? प्रामाणिकपणे सांगायचे तर प्रथम आपण माकडे पुरवली. उत्तर हिंदुस्थानातील लाल तोंडाचे माकड ही जगभरच्या प्रयोगशाळांची गरज होती. पोलिओची लस तयार होत होती त्या काळात, १९५० नंतरच्या दशकात, एकेका वर्षात लाखाहून अधिक माकडे देशाबाहेर गेली. वैद्यकाखेरीज अन्य कामासाठी त्यांचा वापर होऊ नये, अशी अट होती. लष्करी प्रयोगांत ती वापरली गेल्याचे उघड झाले आणि मोरारजी देसाई यांच्या सरकारने निर्यात थांबवली. १ एप्रिल १९७८ पासून बंदी अमलात आली.

पण आपण केवळ माकडेच दिली असे नाही. लाहोरचे डॉ. बाळकृष्ण आनंद १९५१ मध्ये अमेरिकेत येल विद्यापीठात होते. उंदराच्या मेंदूच्या तळाशी एका लहानशा जागेला दोन्ही बाजूंनी इजा केली, तर समोर अन्न असूनही उंदीर उपाशी मरतो, हे त्यांनी ब्रोबेक यांच्यासह दाखवले. पुढे दिल्लीच्या एम्समध्ये शरीरक्रियाशास्त्राचा विभाग त्यांनी उभा केला. त्यांच्या शोधाला एक सुंदर शेपूट आहे. १९६२ मध्ये अमेरिकेत टायटलबॉम आणि एपस्टाइन यांनी असे उंदीर नळीने अन्न देऊन जगवले, तेव्हा ते टप्प्याटप्प्याने पुन्हा खायला शिकले. आधी ओले आणि चविष्ट, मग साधे. आनंदांचे उंदीर ज्या इजेने मेले, तीच इजा झालेले हे उंदीर कोणी निगा राखल्यामुळे वाचले. अलीकडे, २००३ मध्ये, बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील संशोधकांनी हिप्पोकॅम्पसच्या शेजारच्या भागाला इजा झाल्यावर उंदरांचे जागा शिकणे कसे बिघडते, हे प्रसिद्ध केले. सीमाभागातील कितीतरी कुटुंबे मेंदूच्या आजारासाठी ज्या संस्थेची वाट धरतात, तिथेच हा उंदरांचा अभ्यासही चालतो.

आपल्या १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्रयोगांना मुभा दिली, पण देखरेखीखाली. १९९८ च्या नियमांनी ती देखरेख कडक केली. मला विचाराल तर, हे सारे वाचताना माझे मन स्वस्थ नसते. कबुतराला दाणा दिसेनासा करून आपण ज्ञान मिळवले, हे खरे आहे आणि ते ज्ञान उपयोगी पडले, हेही खरे आहे. दुसऱ्या सत्याने पहिले पुसले जात नाही. निदान एवढे तरी व्हावे की, ज्या ज्ञानासाठी एवढी किंमत मोजली गेली, ते ज्यांच्यासाठी मोजली गेली त्यांच्या घरापर्यंत पोहोचावे. तसे ते पोहोचत नाही, ही माझी खरी तक्रार आहे.

बांधलेला हात

१९१७ साली, लॅशली आणि फ्रान्झ यांचा उंदरांवरील लेख आला त्याच वर्षी, फ्रान्झ आणि ऑग्डेन यांनी माकडांवरील आणखी एक प्रयोग छापला. मेंदूला इजा करून माकडांचा एक हात लुळा केला होता. माकडाला मोकळे सोडले, तर ते चांगल्या हाताने सगळे भागवी आणि लुळा हात लुळाच राही. पण चांगला हात बांधून ठेवला आणि लुळ्या हाताला काम करायला लावले, तर काही आठवड्यांत त्या हातात जीव येई. हा निष्कर्ष अर्धे शतक कपाटात पडून राहिला.

तो पुन्हा बाहेर आला एडवर्ड टाउब यांच्या कामातून. त्यांनी माकडांच्या हाताच्या संवेदना वाहणाऱ्या नसा तोडून तोच प्रश्न तपासला. १९८१ मध्ये, फेरियरच्या खटल्यानंतर बरोबर शंभर वर्षांनी, त्यांच्या प्रयोगशाळेतील माकडांच्या अवस्थेवरून त्यांच्यावर अमेरिकेत खटला झाला. खालच्या न्यायालयात ते दोषी ठरले आणि वरिष्ठ न्यायालयात सुटले; पुढे त्या देशाचा प्राणिविषयक कायदा अधिक कडक झाला. आणि याच टाउब यांच्या कामातून पक्षाघाताच्या रुग्णांसाठी एक उपचार उभा राहिला : चांगल्या हातात जाड मोजा घालायचा आणि दुबळ्या हाताकडून रोज काही तास काम करवून घ्यायचे. २००६ मध्ये अमेरिकेत २२२ रुग्णांवरील चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पक्षाघाताला तीन ते नऊ महिने झालेल्या रुग्णांच्या हातातही या उपचाराने सुधारणा झाली आणि ती टिकली.

इंदूरला स्नेहलतागंजात आमच्या गल्लीत एक निवृत्त पोस्टमास्तर राहतात. सारे त्यांना अण्णा म्हणतात. काही वर्षांपूर्वी त्यांची उजवी बाजू गेली, वाचाही गेली. घरच्यांनी मायेने सगळे केले : घास भरवला, गुंड्या लावल्या, चष्मा पुसून दिला. ‘आता या वयात काय शिकणार? आराम करू द्या,’ असे येणारा प्रत्येक पाहुणा म्हणे. मग घरी येणाऱ्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सूनबाईंना सांगितले की, अण्णांचा डावा हात रोज थोडा वेळ मोज्यात ठेवा आणि उजव्या हाताने वाटाणे उचलू द्या. पहिले पंधरा दिवस वाटाणे फरशीवर आणि अण्णांचा राग सूनबाईंवर. मी तेव्हा रोज संध्याकाळी जात असे. दोनेक महिन्यांनी अण्णांनी उजव्या हाताने पोह्यांची बशी स्वतःकडे ओढली. सही पूर्वीसारखी कधी झाली नाही. पण बशी ओढता आली. १९१७ मधले ते माकड आमच्या गल्लीत येऊन पोहोचायला एवढी वर्षे लागली.

वाचेची गंमत वेगळी होती. अण्णांना नातवाचे नाव आठवेना. पण मी ‘ग्यारह, बारह’ म्हटले की ते ‘तेरह, चौदह’ म्हणत. जन्मभर पोस्टाच्या खिडकीत हिंदीत पैसे मोजलेले! हरिपाठ मात्र मराठीत येई. हळूहळू दोन्ही भाषा आल्या. भांडायला हिंदी आधी आली.

दोन भाषा जाणणाऱ्याची वाचा गेली, तर आधी कोणती परत येते, यावर फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकातच वाद झाला. जी सर्वांत आधी शिकली ती, असे रिबो म्हणे. जी रोजच्या वापरात जास्त ती, असे १८९५ मध्ये पित्र म्हणाला. दोघांच्याही बाजूने रुग्ण सापडतात आणि दोघांच्याही विरुद्ध सापडतात. बेळगाव-निपाणीला कन्नड आणि मराठी, भालकी-बिदरला त्यात उर्दू, आमच्याकडे हिंदी. आपल्या घरांना हा प्रश्न पुस्तकी नाही. म्हणून रुग्णाशी बोलताना एकाच भाषेचा हट्ट धरू नये. ज्या भाषेत शब्द येईल, त्या भाषेत तो येऊ द्यावा.

आणि एक आनंदाची वार्ता आपल्याच शेजारची. हैदराबादच्या निझाम्स इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाच्या ६४८ रुग्णांचा अभ्यास केला. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार, दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांत हा आजार सरासरी साडेचार वर्षे उशिरा सुरू झाला होता. निरक्षरांतही हा फरक दिसला. २०१६ मध्ये त्यांनी पक्षाघाताच्या ६०८ रुग्णांविषयी लिहिले. आघातानंतर बुद्धी शाबूत राहिलेल्यांचे प्रमाण बहुभाषिकांत ४०.५ टक्के, तर एकभाषिकांत १९.६ टक्के होते. वाचा जाण्याच्या प्रमाणात मात्र फरक नव्हता. अशा तुलनेवरून कार्यकारणभाव शंभर टक्के सिद्ध होत नाही आणि अन्यत्र झालेल्या काही अभ्यासांत असा फायदा दिसलेला नाही. तरीही हेबच्या जाळ्याची आठवण येते : ज्या मेंदूला रोज दोन भाषांत ये-जा करायची सवय, त्याच्या जाळ्यात जादा धागे असावेत.

सीमाभागात भाषेवरून आपण पुष्कळ सोसले आहे, त्यामुळे शेजारची भाषा म्हणजे आपल्या भाषेवरचे आक्रमण, असे वाटणे स्वाभाविक आहे. शासनाने भाषा लादणे वेगळे आणि अंगणात खेळताना मुलाने ती उचलणे वेगळे. मराठी घरात नांदती ठेवावी आणि अंगणातली कन्नड वा हिंदी मुलाला मनमुराद बोलू द्यावी, असे मी पालकसभेत नेहमी सांगतो.

घरात कुणाचे तोंड अचानक वाकडे झाले, हात पडला, बोलणे अडखळले, तर घरगुती उपायांत वेळ न दवडता मोठे रुग्णालय गाठावे. गुठळी विरघळवण्याच्या औषधाची मुदत साधारण साडेचार तासांची असते. त्यानंतरचे काम मात्र महिन्यांचे असते, आणि ते शिक्षकाचे काम आहे. कोणत्या हाताला किती राबवायचे, हे फिजिओथेरपिस्टला विचारून ठरवावे. बोटांत थोडी तरी हालचाल असल्याखेरीज मोज्याचा उपाय करू नये. पण ‘आता या वयात काय शिकणार?’ हे वाक्य रुग्णाच्या खाटेशी कोणी उच्चारू नये. फ्रान्झच्या मांजराने ते १९०२ सालीच खोटे ठरवले आहे.